टाकलेली की सुटलेली? घटस्फोटानंतरच्या बाईच्या मनाचा प्रश्न



घटस्फोट झालेल्या बाईला आपल्या समाजात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "आता सावर स्वतःला." लग्नात असताना तिला सांगतात, "जुळवून घे." लग्न मोडलं की सांगतात, "सावर." दोन्ही वेळा काम तिनंच करायचं. नवऱ्यानं, सासरनं, माहेरनं, वस्तीनं, विहारानं आणि चळवळीनं काय करायचं याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नसतं. म्हणून हा लेख.

मी स्वतः घटस्फोटित आहे. कोर्टाचा हुकूम हातात पडून सात वर्षं झाली. मुलगी आता दहावीत आहे. मी एका संस्थेत कारकुनी करते आणि संध्याकाळी जमेल तसं वस्तीतल्या बायकांच्या अर्ज-कागदांचं, कोर्टाच्या तारखांचं काम बघते. माझं लग्न का मोडलं, कोण काय बोललं, हे मी इथे सांगणार नाही. ते जिथे सांगायचं तिथे सांगून झालं आहे. एवढंच सांगते की लग्न बौद्ध पद्धतीनं झालं होतं, आणि ज्याच्याशी झालं तो चळवळीतला होता. स्त्रीमुक्तीवर भाषण छान करायचा.

आपल्याकडे बाईच्या मनाचं दुःख हा खाजगी विषय समजला जातो. आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, जमीन यावर आपण तासन्‌तास बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण एखादी कार्यकर्ती घटस्फोटानंतर सहा महिने मिटींगला येत नाही, तेव्हा "ती आता पहिल्यासारखी राहिली नाही" एवढ्यावर विषय संपतो. ती का आली नाही, रात्री झोपते का, तिच्या घरात कोणी बोलायला आहे का, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की हा प्रश्न खाजगी नाही. बाबासाहेबांनीच तो राजकीय केला आहे.

मनुस्मृतीचा नववा अध्याय काय सांगतो? नवऱ्यानं विकलं किंवा टाकून दिलं तरी बायको त्याच्यापासून सुटत नाही. 'हिंदू स्त्रियांची उन्नती आणि अवनती' या निबंधात बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलं आहे. मनूचा विरोध विभक्त होण्याला नव्हता. पुरुषाला मोकळं ठेवायचं आणि बाईला बांधून ठेवायचं, हा त्याचा हेतू होता. म्हणजे बाई टाकलेली असू शकते, पण सुटलेली असू शकत नाही.

आज कायदा बदलला आहे. पण घटस्फोटानंतरच्या बाईच्या मनात डोकावून बघा, मनूचा तो श्लोक अजून तिथे ठाण मांडून बसलेला दिसेल. कागदावर ती सुटलेली असते. वस्तीच्या, नातेवाइकांच्या आणि बऱ्याचदा स्वतःच्या नजरेत ती टाकलेली असते. टाकलेली ते सुटलेली हा प्रवास म्हणजेच सावरणं. तो कोर्टाच्या हुकमानं होत नाही. हुकमानं फक्त सुरू होतो.

हा हक्क आपल्याला कोणी खिरापतीसारखा वाटलेला नाही, हेही तरुणांनी लक्षात ठेवावं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेत आपल्या आज्या-पणज्यांनी काडीमोडाचा हक्क बाईलाही कायद्यानं मिळावा आणि बहुपत्नीत्व बंद व्हावं, अशी मागणी केली होती. ज्यांतल्या कित्येकींना सहीसुद्धा येत नव्हती, त्यांनी ही मागणी केली! त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, आणि लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभं राहावं. पुढे हिंदू कोड बिलात त्यांनी घटस्फोटाची तरतूद आणली, ते बिल अडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणं अनेक होती, त्यात हे एक मोठं होतं. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच बिलाच्या तुकड्यांतून आला. बौद्धांनाही तोच लागू होतो. माझा घटस्फोट त्याच कायद्याखाली झाला.

बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. घटस्फोटानं हिंदू धर्म बुडेल अशी ओरड करणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं की ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता त्या बहुसंख्य समाजात काडीमोडाची रूढी नाही का? आहेच. आपल्याकडे काडीमोड होती, पाट लावण्याची चाल होती. माझी आजी तिच्या मावशीची गोष्ट सांगायची. पहिल्या घरी नांदणूक झाली नाही, काडीमोड झाली, पुढच्या वर्षी पाट लागला, चार लेकरं झाली, नव्वदीत गेली. आजीच्या सांगण्यात त्या बाईबद्दल कणव नव्हती आणि लाजही नव्हती.

त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. निर्णय पंच घ्यायचे आणि पंच पुरुष असायचे. देण्याघेण्याचा हिशोब बाईच्या डोक्यावरून व्हायचा. लेकरं बापाकडे राहायची. घरातली मारहाण काय होती हे बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये लिहून ठेवलं आहे. पण मोडलेलं लग्न म्हणजे बाईचा कलंक, ही कल्पना तरी आपली नव्हती. ती आपण नंतर उसनी घेतली. नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले, आणि त्याबरोबर वरच्या जातींची 'घराण्याची अब्रू' आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली. आपण देव बाहेर काढले, पण अब्रूची ही मूर्ती तशीच ठेवली.

याचा त्रास दोन्हीकडून होतो. माझ्या ऑफिसातली एक सवर्ण बाई मला सहज म्हणाली, "तुमच्यात हे चालतं ना, तुम्हाला एवढं काही वाटत नसेल." म्हणजे माझं दुःखसुद्धा जातीनं हलकं! आणि त्याच आठवड्यात माझी सख्खी आत्या म्हणाली, "आपल्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं." तिकडे तुमच्यात होतंच म्हणून रडायचं नाही, इकडे आपल्यात होत नाही म्हणून बोलायचं नाही. दलित बाईनं मग दुःख करायचं तरी कुठे?

आता प्रत्यक्ष मनात काय होतं ते सांगते, कारण आपल्या लेखांत त्यावर कोणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट, सुटका आणि रडणं एकाच वेळी येतं. लोकांना वाटतं की छळ होता तर सुटल्यावर बाईला आनंद व्हावा, आणि रडत असेल तर तिचं अजून त्याच्यावर प्रेम असणार. दोन्ही खोटं. हुकूम मिळाला त्या रात्री मला किती वर्षांनी गाढ झोप लागली. त्यानंतर पंधरा दिवस मात्र संध्याकाळी सातच्या सुमारास छाती भरून यायची. ती त्याच्या येण्याची वेळ होती. दहा वर्षं त्या वेळेला माझे कान दाराकडे लागलेले असायचे. कधी काळजीनं, कधी धास्तीनं. माणूस गेला तरी कानाची सवय जायला वेळ लागतो. सवयीला प्रेम समजून कित्येक बायका परत जातात. म्हणून हे सांगणं गरजेचं आहे.

दुसरी गोष्ट, हाताला जुनंच वळण असतं. कणीक तिघांची भिजवली जाते. फॉर्मवर 'पतीचे नाव' असा रकाना आला की पेन थांबतं. शाळेत, रेशन दुकानात, गॅसच्या ऑफिसात, बँकेत, प्रत्येक खिडकीवर तीच माहिती पुन्हा द्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी खपली निघते. रेशन कार्डाचं उदाहरण घ्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली जाते. तरी सासरच्या कार्डातून नाव कमी करून स्वतःचं कार्ड काढायला खेटे घालावे लागतातच. पण ज्या दिवशी माझ्या नावाचं कार्ड हातात आलं, त्या दिवशी मला जे वाटलं ते कोर्टाच्या हुकमानंही वाटलं नव्हतं. पहिल्या पानावर माझं नाव, खाली मुलीचं. त्या कागदानं मला सांगितलं की हे दोघींचं घर आहे, उरलेलं अर्धं घर नाही.

तिसरी गोष्ट, लाज. ती तर्कानं जात नाही. मला माहीत होतं की माझी लाजण्यासारखी कोणतीही गोष्ट नाही. तरी त्या वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीला जायला पाय उचलत नव्हता. दरवर्षी आम्ही जोडीनं जायचो. निळ्या साड्यांच्या घोळक्यात मैत्रिणी विचारणार, दादा कुठे? नाही गेले. त्या वर्षी डिसेंबरात मात्र मुलीला घेऊन चैत्यभूमीला गेले. रांगेत सहा तास उभ्या होतो. तिथे कोणी कोणाला नवरा कुठे म्हणून विचारत नाही. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांतून फिरलो, मुलीनं स्वतःच्या पैशानं एक पुस्तक घेतलं, फूटपाथवर बसून आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. त्या लाखोंच्या गर्दीत मी एकटी नव्हते. पुढच्या एप्रिलला मी मिरवणुकीत होते, आणि लेझीमच्या पथकात होते.

चौथी गोष्ट, राग. बायकांना सांगतात की राग सोड, मैत्री भावना कर. धम्मात मैत्री आहेच, पण धम्म आधी दुःख ओळखायला आणि त्याचं कारण शोधायला सांगतो. कारण न शोधता मैत्री करायला सांगणं म्हणजे तोंड दाबणं. माझ्या रागानं मला अर्ज लिहायला लावले, पोटगीचा कायदा वाचायला लावला. राग कायमचा राहू नये हे खरं, तो माणसाला आतून खातो. पण तो कधी संपवायचा हे जिला लागलंय तिला ठरवू द्या.

आणि पाचवी गोष्ट, जी सगळ्यात कमी बोलली जाते. एकटेपण फक्त मनाचं नसतं, शरीराचंही असतं. पस्तीस-चाळिशीच्या बाईला कोणाचा हात हातात असावा असं वाटणं हा गुन्हा नाही. पण ती नीट साडी नेसली तरी चर्चा होते, आणि चळवळीतलेच काही 'भाऊ' रात्री अकरा वाजता मेसेज करतात, "ताई, काही मदत लागली तर सांगा." दिवसा कोर्टात सोबत या म्हटलं की यांना वेळ नसतो. या दोन टोकांमध्ये बाई स्वतःच्या इच्छेला कुलूप लावून टाकते आणि त्याला सावरणं म्हणते. ते सावरणं नव्हे.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न सतत टोचत असतो: माझंच असं का झालं? आपली आजी म्हणायची नशीब, शेजारीण म्हणते मागल्या जन्मीचं पाप. इथे मला थेरीगाथेतली इसिदासी आठवते. उज्जैनच्या श्रेष्ठीची लेक. सासरी पहाटे उठून, दासीसारखं राबून तिनं नवऱ्याची सेवा केली. तिचं काही चुकलं नव्हतं, नवऱ्यानंही तसं सांगितलं. त्याला फक्त तिच्यासोबत राहायचं नव्हतं. बापानं दुसरं लग्न लावलं, महिन्यात परत. तिसरं लावलं, पंधरवड्यात परत. तिन्ही वेळा काही दोष नसताना. अखेर तिला मरणाचे विचार यायला लागले, आणि तेव्हा जिनदत्ता नावाची भिक्खुणी दारात आली. बापानं घरीच राहून धर्म कर म्हटलं, पण इसिदासी भिक्खुणी संघात गेली आणि तिथे मुक्त झाली. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतल्या या बाईची व्यथा आज कोणत्याही कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात ऐकायला मिळेल.

पण त्याच गाथेत तिच्या दुःखाचं कारण म्हणून मागच्या जन्मीचं कर्म सांगितलं आहे. तिथे मी थांबते आणि बाबासाहेबांकडे वळते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी मागच्या जन्मीच्या कर्माची फळं या जन्मी भोगावी लागतात हा सिद्धांत बुद्धाचा नाही, असं ठामपणे मांडलं. अस्पृश्यता जर आपल्या पूर्वजन्मीच्या पापाचं फळ नाही, तर मोडलेलं लग्न तरी कसं असेल? जातीबद्दल एक न्याय आणि बाईबद्दल दुसरा, असं चालणार नाही. मला औषधापेक्षा जास्त कामाला आलेला विचार हाच. माझ्या दुःखाला कारण आहे, ते कारण या जन्मातलं आहे, माणसांनी केलेलं आहे, म्हणून ते बदलता येतं. इसिदासीला मार्ग सापडला तो जिनदत्ता दारात आली म्हणून, तिला एक संघ मिळाला म्हणून. कोणी तिला 'सावर' म्हणून एकटं सोडलं नाही.

दुसरी एक थेरी, मुत्ता, ती तर आनंदानं सांगते की उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा या तिन्हींतून मी सुटले. सुटले! टाकली गेले नाही.

आपल्या लग्नाकडेही याच नजरेनं बघा. आपल्या मंगल परिणयात होम नाही, सप्तपदी नाही, कन्यादान नाही. वर आणि वधू भर सभेत प्रतिज्ञा घेतात. सन्मान करीन, अपमान करणार नाही, एकनिष्ठ राहीन, असं नवरा सर्वांसमोर बोलतो. जिथे दानच झालं नाही, तिथे दिलेली वस्तू परत आली असं माहेराला का वाटावं? आणि प्रतिज्ञा घेताना साक्षीला असलेले तीनशे लोक ती मोडताना कुठे जातात? जेवून उठले, संपलं?

कोर्टाच्या व्हरांड्यात मला खूप बाया भेटल्या. परस्पर संमतीच्या अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सहा महिने माफ करता येतात असं सांगितलं, पण ती माफी प्रत्येकीला मिळतेच असं नाही. मला मिळाली नाही. त्या थांबण्याच्या दिवसांत बाकावर आम्ही एकमेकींना ओळखायला लागलो. एक भाजी विकणारी ताई होती. तारखेच्या दिवशी तिचा धंदा बुडायचा. ती म्हणायची, "मला रडायला रविवार लागतो." एक शिक्षिका होती, पगार चांगला, पण भाऊ-भावजयीच्या घरात तिला कपाटाचा एक कप्पा मिळाला होता. शिकलेली, कमावती शिक्षिका त्या भाजीवाल्या ताईपेक्षा जास्त खचलेली होती. कारण ताईची खोली ताईच्या नावावर होती. मन कुठे राहतं याचा विचार करताना माणूस कुठे राहतो हे आधी बघावं लागतं.

आणि कोर्टापर्यंत पोचणाऱ्या आम्ही त्या मानानं नशीबवान. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांपेक्षा घटस्फोट न होता वेगळं राहणाऱ्यांची संख्या जवळजवळ तिप्पट होती. त्यांत बाया जास्त. त्यांना ना नवरा, ना मोकळीक. महाराष्ट्रात या टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न १९८८ मध्ये संगमनेरच्या परित्यक्ता परिषदेनं ऐरणीवर आणला. अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी त्या लढ्याचा इतिहास 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात लिहिला आहे. आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात तो वाचला गेला पाहिजे.

इथे काही भाऊ म्हणतील, शिकलेल्या मुली आता सहन करत नाहीत, म्हणून घटस्फोट वाढले. भाऊ, सहन करू नका असं शिकवण्यासाठीच तर शाळेत घातलं ना? सवर्णांचा अपमान सहन करू नको आणि नवऱ्याचा कर, हा कुठला आंबेडकरवाद? दुसरे म्हणतील, पुरुषांनाही त्रास होतो. होतो. पुरुषानंही रडावं, मोकळं व्हावं, त्याला दारूकडे ढकलू नये. पण घटस्फोटित पुरुषाला वर्षभरात स्थळं येतात, त्याचं व्यासपीठ शाबूत राहतं. बाईचं सगळं हलतं. तिसरे सगळ्यात धोकादायक. ते म्हणतात, घरातलं बाहेर काढलं तर चळवळीची बदनामी होते. चळवळीची बदनामी बाईच्या बोलण्यानं होत नाही, तिला बोलावं लागलं त्यानं होते.

मग करायचं काय? बायकांसाठी आधी.

पैशाचा हक्क सोडू नका. पोटगी ही भीक नाही. पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. घटस्फोटित बाई पुन्हा लग्न करत नाही तोवर आणि स्वतःचं भागत नसेल तर तिला मागता येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. "मला त्याचा रुपयासुद्धा नको" हा स्वाभिमान ऐकायला बरा वाटतो, पण महिन्याच्या वीस तारखेला तोच बाईला भावाच्या दारात उभा करतो.

मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नका. झोप महिनाभर येत नसेल, जेवण जात नसेल, जगायला नको वाटत असेल, तर तो कमकुवतपणा नाही, आजार आहे. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः आठ महिने सरकारी दवाखान्यात जाऊन औषध घेतलं आणि समुपदेशकाशी बोलले. त्यानं माझा आंबेडकरवाद कमी झाला नाही.

लेकरांशी खरं बोला, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. माझ्या मुलीला मी दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही वेगळे झालो ते तुझ्यामुळे नाही. आणि बापाला भेटायला तुला माझी परवानगी मागावी लागणार नाही. बापाची चुगली तिच्या कानात भरली असती तर मला क्षणभर बरं वाटलं असतं, पण ओझं तिच्या पाठीवर गेलं असतं.

आणि पुन्हा लग्न करायचं की नाही हे सावरण्याचं माप मानू नका. करावंसं वाटलं तर करा, नाही वाटलं तर नका करू. "मुलीला बाप हवा" म्हणून लग्न लावून द्यायला निघालेल्यांना विचारा, तिला आत्ता मामा किती वेळा भेटतो?

आता चळवळीसाठी. विहारात महिन्यातून एक दिवस एकट्या बायकांच्या बैठकीसाठी ठेवा, तिथे पुरुषांनी फक्त सतरंज्या टाकाव्यात आणि लेकरं सांभाळावीत. वधू-वर मेळाव्यात घटस्फोटितांचा फॉर्म शेवटी, कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवायचं बंद करा. कोर्टाच्या तारखेला सोबत जाणाऱ्या तरुण-तरुणींची यादी प्रत्येक शाखेनं करावी. कार्यकर्त्याचा संसार मोडला तर त्याचं भाषण तसंच चालू आणि तिचं नाव मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून कमी, हे थांबवा. बाई आपल्या बळावर कार्यकर्ती असते, कोणाची मिसेस म्हणून नव्हे. आणि मारहाणीची तक्रार असलेल्या माणसाला २५ डिसेंबरच्या स्त्रीमुक्ती दिनाच्या व्यासपीठावर बोलावू नका. मनुस्मृती एकदा महाडला जळली. आपल्या वस्तीत ती रोज जाळावी लागते.

मला विचारतात, ताई, तुम्ही सावरलात का? माझं उत्तर असं असतं. मी नोकरी करते, घरभाडं वेळेवर देते, मुलीशी भांडते, हसते. काही दिवशी जुनं आठवून हात थांबतो, मग पुन्हा चालतो. जुनी मी परत आले नाही आणि मला ती परत नकोही आहे. ती फार घाबरट होती.

पण माझं सावरणं फक्त माझ्या हिमतीचं नाही. आईनं दार उघडं ठेवलं, एका वकील ताईनं फी घेतली नाही, वस्तीतल्या चार बायांनी पाळीपाळीनं माझी मुलगी सांभाळली, बाबासाहेबांनी भांडून आणलेला कायदा होता. हे ज्यांना मिळत नाही त्या माझ्यापेक्षा कमजोर नाहीत, त्या एकट्या पडल्या आहेत. तुमच्या गल्लीत अशी एक तरी आहे. तिला "सावर" म्हणू नका. तिच्याकडे जा, चहा मागा, आणि पुढची तारीख कधी आहे ते विचारा.

जय भीम! जय सावित्री! नमो बुद्धाय!